छायाचित्र क्रमांक सतरा

“खोटं नक्की कुठं होतं, पहिल्या किमतीत की नंतरच्या रिपोर्टात?” एरल जेपसनने हा प्रश्न मला २०१२च्या सप्टेंबरमध्ये कुंपणापलीकडून विचारला. त्याच्या हातात चौपन्न पानांचा एक गठ्ठा होता. मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा तो त्याने एका कोपऱ्याला धरला होता. उत्तरासाठी तो थांबलाही नाही. गठ्ठा हलवत, उंच खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घराखाली निघून गेला.

एरल तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरोच्या सॉ मिलमध्ये त्याने एकेचाळीस वर्षे करवतीच्या डॉक्टरचे काम केले. त्या गावात हा शब्द थट्टेचा नाही, हुद्द्याचा आहे. करवतीचे पाते तापून वाकते, ताण धरते, लाकडात राहिलेल्या खिळ्यावर दात गमावते, आणि मग डॉक्टरच्या ऐरणीवर येते. डॉक्टर ते हातोडीने ठोकतो, त्यावर पोलादी पट्टी उभी धरतो, पट्टीखालून उजेडाची रेघ कुठे फुटते ते पाहतो, आणि पुन्हा ठोकतो. निवृत्तीनंतरही लोक त्याला ‘डॉक’ म्हणत. जिल्हा रुग्णालयातल्या एका नव्या परिचारिकेने ही हाक ऐकून त्याला भेटीची वेळ संपल्यावरही वॉर्डात सोडायला सुरुवात केली, आणि तिचा गैरसमज त्याने महिनाभर दूर केला नाही.

वॉर्डात व्हॅलमे होती, त्याची बायको. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती मागच्या जिन्यावरून पडली आणि तिचा डावा खुबा मोडला. त्या भागातली जुनी घरे लाकडी खांबांवर उभी असतात. जेपसनांचे घर जमिनीपासून आठ फूट वर, सोळा पायऱ्यांचे. शस्त्रक्रिया नीट झाली. पण व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी एरलला बाजूला घेऊन सांगितले की सोळा पायऱ्यांच्या घरी त्या व्हॅलमेला सोडणार नाहीत, आता नाही आणि पुढेही नाही. तेव्हा, सेहेचाळीस वर्षे त्या घरात काढल्यावर, एरलने घर विकायला काढले. तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर, हार्वी बे येथे, वृद्धांच्या वसाहतीत एक बिनपायऱ्यांचे दोन खोल्यांचे घर दोन लाख एकोणपन्नास हजार डॉलरला मिळत होते. वसाहतीने ते त्यांच्यासाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवले. जुने घर वेळेत आणि पुरेशा किमतीला गेले, तर व्हॅलमे रुग्णालयातून थेट तिथे जाणार होती. नाही गेले, तर तिला कुठे ठेवायचे याचा विचार कोणी केलेला नव्हता.

दोन खरेदीदार आले. एक रुग्णालयातलीच रात्रपाळीची नर्स. तिने दोन लाख एकसष्ट हजार देऊ केले. दुसरा ब्रिस्बेनचा डेमन फर्झ, चाळिशीचा, भाड्याने देण्यासाठी घरे घेणारा. तो दोनदा आला. दुसऱ्या वेळी त्याने मागच्या धुण्याच्या खोलीत भिंतीच्या जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला पाठ टेकून एरलने केलेला चहा घेतला, दोन बिस्किटे खाल्ली, आणि दोन लाख अडुसष्ट हजारांचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून दिला. करार झाला. कराराला नेहमीची अट होती: चौदा दिवसांत खरेदीदार इमारतीची आणि वाळवीची तपासणी करून घेईल, आणि समाधान न झाल्यास त्याला बाहेर पडता येईल. नर्सला नाही म्हणून कळवण्यात आले. तिने त्याच आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडे दुसरे घर घेतले.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला, आणि त्याच्याबरोबर घरविक्रीची एजंट केरिलिन बॉ. केरिलिन तिशीची, मनाने वाईट नव्हती. तिला वाईट बातमी गोड करून सांगण्याची सवय लागलेली होती, आणि ती सवय मनाच्या चांगुलपणाला हळूहळू खाते असे मला वाटते.

“एरल, अगदी छान बातमी आहे,” ती घराखालच्या कामाच्या टेबलाशी येऊन म्हणाली. “डेमनला घर अजून हवंय.”

“घर त्याने घेतलंय. हवंय म्हणजे काय?”

“तसं नाही हो. रिपोर्टात जरा गोष्टी निघाल्या. तो म्हणतो, एक्केचाळीस हजार कमी केले तर तो लगेच पुढे जाईल.”

“एक्केचाळीस.”

“सध्या बाजार जरा मऊ आहे ना.”

“मागच्या सोमवारी कडक होता का?”

केरिलिनने रिपोर्ट टेबलावर ठेवला, एकतिसावे पान उघडले आणि बोट ठेवले. छायाचित्र क्रमांक सतरा. घराच्या पोटाखालची एक आडवी तुळई. तिचा अर्धा भाग वाळवीने पोखरून जुन्या वहीच्या पानांसारखा सुटा केला होता. खाली ओळ होती: ‘लाकडी जमिनीखालील तुळई, वाळवीने केलेले गंभीर नुकसान.’

मेरीबरोत वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, आणि तिच्या नावाने गावाच्या बोलीत एक क्रियापदही आहे. युनियनच्या बैठकीत हसतमुखाने बसून मागच्या दाराने मालकाला बातम्या पुरवणारा माणूस संघटनेला ‘पांढऱ्या मुंग्या लावतो’. एरलच्या तरुणपणी असे करणाऱ्याकडे मिलच्या उपाहारगृहात कोणी मीठसुद्धा सरकवत नसे. घरात मुंगी निघाली, हे त्या पिढीच्या माणसाला घरमालक म्हणून लाजिरवाणे वाटते. एरलने वर्षातून दोनदा प्रत्येक खांबाच्या डोक्यावरची पत्र्याची टोपी हात फिरवून तपासली होती; मुंगी वर चढली तर त्या टोपीला वळसा घालून तिला मातीची नळी बांधावी लागते, आणि नळी डोळ्यांना दिसते. सेहेचाळीस वर्षांत त्याला एकही नळी दिसली नव्हती. म्हणून त्या छायाचित्राकडे पाहून तो आधी रागावला नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. केरिलिनला ते वयामुळे वाटले असावे.

“विचार करा,” ती जाताना म्हणाली. “व्हॅलमेसाठी तरी.”

संध्याकाळी त्याने मला हाक मारली. टेबलावर रिपोर्ट होता आणि त्याच्या हातात करवतीचे दात पाहण्याचे भिंग होते.

“इकडे ये. ह्या लाकडावर रेघा कशा आहेत?”

मी पाहिले. पोखरलेल्या भागाच्या शेजारी तुळईचा धड भाग होता, आणि त्यावर आडव्या, सरळ, जवळजवळ सारख्या अंतराच्या बारीक रेघा.

“सरळ आहेत,” मी म्हणालो.

“आता वर बघ.”

त्याने टॉर्चचा झोत आमच्या डोक्यावरच्या तुळईवर टाकला. तिथे रेघा कमानीसारख्या होत्या, एकामागे एक, तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांच्या तुकड्यांसारख्या.

“हे घर एकोणीसशे सव्वीसचं. सगळं लाकूड आमच्याच मिलचं, पावत्या माझ्याकडं आहेत. तेव्हा मिलमध्ये फक्त गोल करवत होती. गोल करवत कमान सोडते. पट्टा करवत अठ्ठावन्नला आली, तिला पहिलं धार लावणारा माझा उस्ताद होता. पट्टा करवत सरळ रेघ सोडते.” त्याने छायाचित्रावर भिंग ठेवले. “हे लाकूड माझ्या घरापेक्षा निदान बत्तीस वर्षांनी लहान आहे. ही तुळई माझी नाहीच.”

तेव्हा तो रागावला. आरडाओरडा त्याने आयुष्यात फारसा केलेला नव्हता. मिलच्या गोंगाटात चाळीस वर्षे काढलेली माणसे ओरडत नाहीत, उपयोग नसतो. त्याने भिंग कापडात गुंडाळले, कापडाला गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. “दुसऱ्याच्या घराची कुजकी तुळई माझ्या नावावर,” तो म्हणाला. “आणि ती पोरगी मला व्हॅलमेची आठवण करून देते.”

तपासणी करणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितले की रिपोर्ट खरेदीदाराचा आहे, विक्रेत्याशी त्याबद्दल बोलता येणार नाही. एरल केरिलिनच्या ऑफिसात गेला आणि खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

“त्या तपासनीसाला परत आण. चौतीस तुळया आहेत. त्याने मला ही दाखवावी.”

“एरल, एक फोटो इकडेतिकडे...”

“मुंगी माझ्या घरात नाही, बाई. तुझ्या ऑफिसात शोध.”

सौदा मोडण्याची भीती वाटल्यामुळे असेल, केरिलिनने खटपट केली. दोन दिवसांनी तपासनीस आला. टायरोन नावाचा पंचविशीतला मुलगा, दिवसाला चार घरे तपासणारा. तो आणि एरल घराखाली पाठीवर सरपटत गेले. एका कडेला जमीन चढी असल्याने तिथे उंची जेमतेम दोन फूट होती. एरल मोजत होता. प्रत्येक तुळईवर स्क्रूड्रायव्हरची मूठ तीनदा ठोकायची, ऐकायचे, मग झोत टाकून रेघा पाहायच्या.

“अकरा. काय दिसतं?”

“कमान.”

“बारा?”

“कमानच आहे, एरल.”

“मोठ्यानं म्हण पोरा, ती बाहेर उभी आहे.”

चौतिसावी झाल्यावर टायरोन बाहेर आला, केसांतली कोळ्याची जाळी काढली आणि केरिलिनकडे न पाहता म्हणाला, “आधीच्या कामातला फोटो राहिला असणार. नमुना म्हणून जुन्याच फाइलवर नवी बनवतो आम्ही. चुकलंच.” मग एरलकडे वळून, “सॉरी, डॉक.” हे नाव त्याला कोणी सांगितले होते कोण जाणे. एरलने त्याला नळ दाखवला आणि साबण दिला. त्या मुलावरचा त्याचा राग तिथेच संपला. चूक कबूल करणाऱ्या माणसाचे काय करायचे हे त्याला ठाऊक होते.

दुरुस्त रिपोर्टात छायाचित्र सतरा नव्हते. सोळानंतर अठरा होते. डेमन फर्झने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की तो समजूतदारपणा दाखवायला तयार आहे: एक्केचाळीस हजारांऐवजी तेहेतीस.

इथे मला थोडे थांबणे भाग आहे, कारण या तेहेतीस हजारांत त्या व्यवहाराचे सगळे स्वरूप दिसते. छायाचित्र गेले म्हणून आठ हजार गेले. म्हणजे उरलेले तेहेतीस छायाचित्रावर कधीच उभे नव्हते. त्यांची यादी केरिलिनने वाचून दाखवली: गंजलेली पन्हाळी, व्हरांड्याच्या कठड्याची कमी उंची, धुण्याच्या खोलीतला, आता घातक मानला जाणारा ॲस्बेस्टॉसचा पत्रा. यांपैकी प्रत्येक गोष्ट उघड्या डोळ्यांना, दिवसाउजेडी, पहिल्याच भेटीत दिसणारी होती. तपासणी ही मुळात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी असते. घर घेणाऱ्याला फसवले जाऊ नये म्हणून कायद्याने दिलेले ते संरक्षण आहे, आणि योग्यच आहे. पण चढा आकडा लिहून बाकीचे खरेदीदार घालवायचे, चौदा दिवस घर अडकवायचे, आणि विक्रेत्याच्या हातातला वेळ संपत आला की दिसत असलेल्याच गोष्टी नव्याने शोधायच्या, ही त्या संरक्षणाची दिवसाढवळ्या केलेली चोरी आहे. आपण जिला वाटाघाट म्हणतो तीत दोघांनाही मागे फिरायला वाट असावी लागते. फर्झकडे ती होती. एरलची वाट तो करार झाला त्या दिवशीच बंद झाली होती, आणि ती बंद आहे हे फर्झला माहीत होते, कारण व्हॅलमेचा खुबा आणि ३१ ऑक्टोबर ही तारीख केरिलिनने त्याला पहिल्या भेटीतच ‘सहानुभूती म्हणून’ सांगून टाकली होती.

एरलला हेही कळले होते. तरी त्या दुपारी तो बदललेल्या किमतीचा कागद खिशात घालून रुग्णालयात गेला तेव्हा त्याने सही करायचे ठरवले होते. मी त्याला गाडीतून सोडले आणि खाटेशी उभा होतो, म्हणून मला माहीत आहे. घर दोघांच्या नावावर होते. व्हॅलमेचीही सही लागणार होती.

“दोन पस्तीस,” तो म्हणाला. “कमी पडतात ते चौदा बँकेतून काढू. सतरा आहेत.”

“मग उरतात तीन,” व्हॅलमे म्हणाली. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, चालण्याची चौकट, म्हणजे वॉकर, समोर. लग्नाआधी आणि नंतरही ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. गावातल्या निम्म्या माणसांना ती अजून आवाजावरून ओळखत असे. “आणि मुंगीचं काय झालं?”

“मुंगी नव्हतीच. सांगितलं ना.”

“मग तेहेतीस कसले?”

“वॅल, सही कर. पत्र्याचे, पन्हाळीचे, माझ्या मूर्खपणाचे. तुला इथून बाहेर काढायचंय मला.”

“कागद दे.”

त्याला वाटले ती सही करते आहे. तिने त्या कागदावरचा खरेदीदाराचा फोन नंबर शोधला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा फोन दिला. तिने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावून मांडीवर ठेवला.

“मिस्टर फर्झ? मी व्हॅलमे जेपसन. घर माझं आहे. म्हणजे अर्धं.”

“अरे, नमस्कार. तब्येत कशी आहे आता? हे बघा, खरं तर सगळं एजंटमार्फतच...”

“एकच विचारायचंय. धुण्याच्या खोलीत तुम्ही चहा प्यायलात. पाठ कशाला टेकली होती?”

“आठवत नाही हो मला.”

“पत्र्याला. माझ्या नवऱ्याला आठवतं, त्यानं नंतर तुमच्या कोटाचा पांढरा डाग झटकून दिला. मग तुम्ही बाहेर येऊन आकडा लिहिलात. तेव्हा तो पत्रा दिसला होता की नाही?”

“मॅडम, यात वैयक्तिक काही नाही. सगळे असंच करतात. आधी घर धरून ठेवायचं, मग रिपोर्ट आल्यावर खरी किंमत ठरते.”

“धरून ठेवायचं.”

“म्हणजे बोलायची पद्धत आहे ती.”

“नाही, बरोबर शब्द आहे. आभारी आहे.” तिने फोन बंद केला आणि मला परत दिला. मग कागदाची चौपदरी घडी घालून ती चौकटीला लटकवलेल्या पिशवीत टाकली. “मी सही करणार नाही.”

एरल खाटेच्या कडेला बसला. आता त्याचा राग तिच्यावर वळला, आणि तो आजवर मी पाहिलेल्यांत सर्वांत मोठा होता, कारण त्यात भीती होती.

“तुला इथंच राहायचंय? ह्या वासात? ती वसाहत महिनाअखेर घर दुसऱ्याला देणार.”

“देऊ दे.”

“सोळा पायऱ्या आहेत, वॅल.”

“मला मोजता येतात. मी त्यांच्यावरूनच पडले.”

“मग जाणार कुठं, सांग ना. तुझा मान राहील, पण झोपणार कुठं तू?”

“खाली.”

“कुठं खाली?”

“घराखाली. मागच्या बाजूला आठ फूट उंची आहे, सिमेंटची जमीन आहे, मोरी आहे. तुझ्या ऐरणी आणि करवती हलव. एवढी वर्षं मी वर भांडी घासली आणि तू खाली ठोकत बसलास. आता मी खाली येते.”

“ओल असते.”

“तर फळ्या मार. लाकडातलं कळतं ना तुला?”

“परवानगी लागते खोलीला.”

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “तो माणूस मला धरून ठेवलंय म्हणतो आणि तू मला नगरपालिका सांगतोस.”

एरल उठला, पाण्याचा पेला भरला, तिला न देता स्वतःच प्यायला, आणि वॉर्डाबाहेर गेला. गाडीत त्याने मला दोनदा सांगितले की बाई हट्टी आहे, पहिल्यापासून हट्टी आहे, आणि तिच्या या हट्टापायी ते दोघे रस्त्यावर येणार आहेत. पुलाजवळ आल्यावर त्याने विचारले की माझ्याकडे फळ्यांची पातळी पाहायची लांब पाणसळ आहे का.

चौदाव्या दिवशी फर्झच्या वकिलाची दोन ओळींची मेल आली: तपासणीने समाधान न झाल्याने खरेदीदार करार संपवत आहे. केरिलिनने फोन करून एरलला सांगितले की त्याने फार मोठी चूक केली. एरलने तिला घरासमोरची विक्रीची पाटी त्याच दिवशी काढून न्यायला सांगितले. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही तेव्हा त्याने स्वतः उपटली आणि तिच्या ऑफिसच्या दाराला टेकवून आला. हार्वी बेचे घर ३१ ऑक्टोबरला दुसऱ्या जोडप्याने घेतले.

खोलीला पाच आठवडे लागले. मिलमधले दोन जुने सोबती येत, दोघेही सत्तरीपुढचे, आणि तिघांचे एकमेकांशी सतत भांडण चाले: फळी उभी की आडवी, दार आत उघडावे की बाहेर. राग एरलच्या मनात तसाच होता. तो खिळा मारताना फर्झचे नाव घेत असे, आणि सोबत्यांपैकी एकाने विचारले की हा फर्झ म्हणजे खिळ्यांची कंपनी आहे का, तेव्हाही तो हसला नाही. व्हॅलमेशी त्याने पहिला आठवडाभर फक्त मोजमापांपुरते बोलणे ठेवले. “खाट किती रुंद?” “तुला माहीत आहे किती रुंद.” “खिडकी कुठं हवी?” “जिथून रस्ता दिसेल तिथं.” व्यायाम करून घेणाऱ्या बाई येऊन खोली पाहून गेल्या, उंबरठा काढायला लावला, भिंतीला दोन पकडायच्या दांड्या लावायला लावल्या, आणि परवानगीचा विषय त्यांनी काढला नाही.

व्हॅलमे ९ नोव्हेंबर २०१२ रोजी, शुक्रवारी, घरी आली. तिने चौकट पुढे ढकलत खोलीत पाऊल टाकले, डोक्यावरच्या तुळयांकडे पाहिले, आणि पंख्याचा खटका दाराच्या चुकीच्या बाजूला लावला आहे असे सांगितले. तो खरोखरच चुकीच्या बाजूला होता.

ते घर जेपसनांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन लाख अठ्ठेचाळीस हजार डॉलरला विकले, फर्झच्या पहिल्या आकड्यापेक्षा वीस हजारांनी कमी आणि शेवटच्यापेक्षा तेरा हजारांनी जास्त.